शिट्टी

ती पडली तेव्हा मी घड्याळ बघत होतो.
हे आधीच सांगून टाकतो.
कळंबच्या शाळेचं मैदान, पाणी मारून चोपलेलं,
शेवटच्या पाळीचं एक मिनिट चाळीस सेकंद उरलेलं,
आणि रेणुका सुरवसेनं खांबावर सूर मारला.

गडी बाद झाला. टाळ्या पडल्या.
खांबाचा आवाज टाळ्यांच्या आधी आला होता.
तो मी ऐकला,
आणि ऐकलाच नाही.

पाण्याचा हबका. गार फवारा,
गुडघ्याला मारायचा, तो कपाळाला मारला.
"बोटं किती?"
"दोन, सर."
मी तीन दाखवली होती.
"जमंल का?"
"जमंल."
सोळा वर्षांची पोर
दुसरं काय म्हणणार, आणि कुणाला?

ढाल आमच्याकडं आली.
मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे.
तिच्यावर माझंही नाव आहे.

मग उजेड टोचायला लागला तिला.
मग आवाज: कुकर, गिरणीचा पट्टा,
वर्गात कुणी बाक सरकवला तरी.
मग पाढे विसरली. मग मैत्रिणी.
लातूरला डोक्याचा फोटो काढला.
फोटोत काही नव्हतं.
घरातली सगळी हसली,
तीच तेवढी रडली.

हात मोडला असता
तर पोरींनी प्लास्टरवर नावं लिहिली असती, बदाम काढले असते.
इथं काय लिहिणार, कशावर?
"नाटकं करायलीय," शिक्षकखोलीत कुणीतरी म्हणालं.
मी चहा घेत होतो. घेत राहिलो.

मला तिनं एकदाच सांगितलं, तेही फोनवर:
"सर, सकाळी उठू वाटंना.
उठून करू काय?"

धाराशिवचा सरकारी दवाखाना, मंगळवार.
दारावर पाटी: मनोविकार विभाग.
आईनं पदर तोंडावर ओढला
आणि उठून दातांच्या दारासमोर जाऊन बसली.
"कुणी इचारलं तर दाढ म्हणायचं.
माझ्या लेकीच्या डोक्याला मार लागलाय,
डोकं फिरलं नाही तिचं."
आत बोलावलं तरी तिथनंच बघत राहिली.

निलोफर मॅडमनी खेळाचं काही विचारलं नाही.
झोप विचारली. भूक विचारली.
राग कुणाचा येतो ते विचारलं,
तेव्हा रेणुकानं माझ्याकडं बघायचं टाळलं,
आणि ते टाळणं मला खांबासारखं लागलं.

बऱ्याच वेळानं बोलली:
"खो पाठीमागनं मिळतो, मॅडम.
कोण देणार, कधी देणार, दिसत नाही.
चौकोनात नुसतं उकिडवं बसायचं,
टाचा उचलून, कान मागं लावून.
पाच महिने झाले, मी तशीच बसलीय.
कुणी खो देईना."

मॅडम म्हणाल्या,
"इथं पळायचं नाही कुणाला.
आधी बूड टेकव."

ती टेकली. खुर्चीतच होती,
पण टेकली ते मला दिसलं.

निघताना मॅडमनी मलाही विचारलं,
"तुम्हाला लागते का झोप?"

आता संध्याकाळी येते कधीकधी.
भावाचा काळा चष्मा, डोक्यावर टोपी,
लिंबाखाली पायरीवर बसते.
मी शिट्टी ओठाला लावली
की वाजायच्या आधीच तिचे खांदे वर जायचे.
म्हणून मी हात वर करतो.
पोरी शिकायल्यात हाताकडं बघायला.
जिल्ह्याला यंदा पहिल्याच फेरीत गेलो,
हात दिसला नाही म्हणून नव्हे, कच्चे होतो म्हणून.

परवा आठवीतली महानंदा खांबावर आपटली.
हलकंच. उठली, माती झटकली,
"जमंल, सर," म्हणाली.
मी तोंड उघडायच्या आत
पायरीवरनं रेणुका आली, सावकाश, एक एक पाऊल मोजत.
चष्मा काढला.
"बोटं किती?"
"तीन."
"वार कोणता?"
"..."
"खरं सांग. ढालीसाठी सांगू नको."

आणि तिला हाताला धरून
रेघेबाहेर, सावलीत, मातीत बसवलं.
"टेक," म्हणाली. "टेक नीट."

सगळ्या पोरी जागच्या जागी उकिडव्या.
मिनिटं चालूच होती.
घड्याळ थांबवायचं
माझ्याकडनं राहून गेलं.